आयत्या वेळचा विषय

दरवर्षी सत्तावीस जानेवारीच्या आसपास
नववीचा वर्ग येतो.
बूट काढा असं मी म्हणत नाही,
हात मात्र पुसायला लावतो.
वेझर नदीकाठच्या या गावाचा दप्तरखाना
नगरपालिकेच्या तळघरात आहे, आणि मी
त्याचा शेवटचा पगारी माणूस.

हार्म्स बाई प्रस्तावना करतात. साठ लाख म्हणतात.
मुलं माना हलवतात.
साठ लाखांना चेहरा नसतो, त्यात मुलांचा काय दोष.

मग मी फीत सोडतो.
ऑगस्ट एकोणीसशे तेहतीस, सभेचे इतिवृत्त.
विषय चार : जलतरण तलावाच्या पंपाची दुरुस्ती.
विषय पाच : दफनभूमीकडच्या रस्त्याला दिवे.
आयत्या वेळचा विषय :
ज्यूंना तलावात प्रवेशबंदी.
सूचक आहे. अनुमोदक आहे.
बाजूने अकरा, विरुद्ध शून्य.
तीन खुर्च्या रिकाम्या, कारण लिहिलेलं नाही.
एक गैरहजर : दाढदुखी.

अक्षर वळणदार. एकही खाडाखोड नाही.

"म्हणजे मतदान झालं होतं?" रोज्दा विचारते.
झालं होतं. बेरीज बरोबर आहे, मी तपासलीय.
"मग ही लोकशाहीच ना?"
परीक्षेत 'लोकशाही म्हणजे बहुमत' लिहिलं
की अर्धा गुण मिळतो, असं कुणीतरी पुटपुटतं.
मी त्या तीन रिकाम्या खुर्च्यांवर बोट ठेवतो.
ते तिघे जूनपासून कुठे होते
ते दुसऱ्या फायलीत आहे.
ती फाईल जाड आहे.

ठरावाच्या मागे टाचलेली एक पावती :
हंगामी पासाचे उरलेले पैसे परत, एक मार्क दहा फेनिग.
मिळाले. सही, ग्रेटे लिलिएनफेल्ड.
वय बारा.
पहिलं अक्षर तिनं मोठ्या माणसासारखं
झोकात काढायला घेतलंय,
शेवटची मात्र शाळेच्या वहीतली, एकमेकांना धरून.
"तिला पोहता येत होतं?"
माहीत नाही.
आठ वर्षांनी तिचं नाव पुन्हा सापडतं,
रीगाला गेलेल्या गाडीच्या यादीत.
तिथे सही नाही. टंकलेखन आहे.

मुलं नेहमी ग्रेटेपाशी थांबतात.
यंदा तोर्गे नावाचा एक उंच मुलगा
दाढदुखीपाशी थांबला.
"त्याची खरंच दुखत होती का?"

दंतवैद्याची वही मी पुष्कळ शोधली.
पण पुढच्या महिन्यात तो सभेला आला होता.
'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.'
खाली बारा सह्या.
त्याची सातवी, शाई जरा फिकट.

मागे कुणीतरी हसत होतं, ते थांबलं.

बाईंनी नंतर जिन्यात सांगितलं :
मे महिन्यात सहल आहे.
आपल्या तंबूत कोण नको
यावर मुलांनी फोनवरच मतदान घेतलं.
याश्को नको. बाजूने सतरा, विरुद्ध शून्य.
कारण लिहिलेलं नव्हतं.
तोर्गेनं मत दिलं नाही.
त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं.

शुक्रवारी तो एकटाच आला.
हात न सांगता पुसले.
"पुढच्या सभेत त्यानं काय करायला हवं होतं?"

मी काही शिक्षक नाही.
मी त्याला तेच पान उघडून दिलं.
कायम करण्याआधी एक ओळ असते,
छापीलच, दर सभेला :
'इतिवृत्तावर कोणाची हरकत?'
पुढे जागा सोडलेली असते.
सगळ्या वर्षांची दप्तरं चाळलीत मी,
कुणी विहिरीच्या भाड्यावर हरकत घेतलीय,
कुणी बँडच्या बिलावर.
त्या महिन्यात ती जागा कोरी आहे,
कागद तिथे अजून पांढरा.

तो बराच वेळ पाहत राहिला.
मग खिशातून फोन काढला.
चार्जिंग, मला दिसलं,
बऱ्यापैकी होतं.